घरी घडवलेल्या पात्याला पाणी देणे : धारेबरोबर चिवटपणा कसा मिळवावा

घरी कोयती, सुरी किंवा विळीचे पाते घडवणाऱ्या बहुतेकांचे लक्ष एकाच क्षणावर खिळलेले असते. लालबुंद पाते तेलात शिरते, चर्र आवाज होतो, डब्याच्या तोंडाशी ज्वाळ उठते आणि कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रण करत असते. तापलेले पाते असे एकदम थंड करणे म्हणजेच त्याला पाणी देणे, आणि पात्याला कठीणपणा त्या क्षणी येतो, यात शंका नाही. चिवटपणा मात्र त्याआधीच्या एका संथ कामात आणि त्यानंतरच्या त्याहूनही संथ कामात मिळतो, आणि नवशिके नेमकी हीच दोन कामे उरकून टाकतात. मीही उरकली होती. ट्रकच्या कमानपाट्यातून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून, केलेली माझी पहिली कोयती कानशीला अजिबात दाद देत नव्हती, म्हणून मी खुशीत होतो; तिसऱ्याच नारळावर तिच्या धारेतून नखाएवढा टवका उडाला. तुटलेली कड उन्हात धरली, तर ती साखरेसारखी चमचमत होती. त्या चमचमीचा अर्थ कळेपर्यंत माझी आणखी दोन पाती वाया गेली.

कठीणपणा म्हणजे दबण्याला आणि ओरखड्याला होणारा विरोध, तर चिवटपणा म्हणजे तडा न जाता धक्का सोसण्याची ताकद. काच कठीण असते पण चिवट नसते. तांब्याची तार चिवट असते पण कठीण नसते. पात्याला दोन्ही गुण हवे असतात आणि ते एकमेकांच्या वाट्यातून घ्यावे लागतात, असे सर्वत्र सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाणी उतरवताना, म्हणजे कठीण झालेले पाते पुन्हा मंद तापवताना, कठीणपणा देऊन चिवटपणा घ्यावा लागतो हे खरे, पण पोलादाचा रवा, म्हणजे ते ज्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते ते कण, बारीक ठेवला तर जो चिवटपणा मिळतो त्यासाठी कठीणपणाची काहीच किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच या लेखात तेलापेक्षा रव्याला अधिक जागा दिली आहे.

पोलाद कोणते घ्यावे

पाणी धरण्यासाठी पोलादात पुरेसा कार्बन असावा लागतो. बांधकामाच्या टीएमटी सळईत तो इतका कमी असतो की तिच्यापासून केलेल्या पात्याला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. सळईचा पृष्ठभाग कारखान्यात पाण्याने कडक केलेला असतो, त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. ईएन ८ या सहज मिळणाऱ्या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो. तो हातोड्याला चालेल, पात्याला कमी पडतो. स्टेनलेस पोलादाला १००० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान नेमके धरून ठेवावे लागते, म्हणून घरच्या भट्टीत त्याच्या वाटेला जाऊ नये. बेअरिंगच्या ईएन ३१ मध्ये कार्बन सुमारे १ टक्का आणि वर क्रोमियम असते. त्याची धार अप्रतिम टिकते, पण तापमानाच्या चुका ते माफ करत नाही. पहिल्या चार-पाच पात्यांसाठी ते टाळलेले बरे.

धक्का खाणाऱ्या पात्यासाठी कमानपाट्याचे पोलाद सर्वांत सोयीचे आहे. आपल्याकडच्या पाट्यांमध्ये मुख्यतः दोन जाती आढळतात. ईएन ४५ मध्ये ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि जवळजवळ २ टक्क्यांपर्यंत सिलिकॉन असते; एसयूपी ९ मध्ये कार्बन तेवढाच, पण सिलिकॉनऐवजी पाऊण टक्क्याच्या आसपास क्रोमियम असते. अमेरिकेत ५१६० या क्रमांकाने जे पोलाद कोयते आणि कुऱ्हाडी करणाऱ्यांत प्रिय आहे, ते या दुसऱ्या जातीचेच भावंड. भंगारातला पाटा घेतला तर यांपैकी कोणते पोलाद हाती आले हे कळत नाही, आणि शिवाय तो पाटा लाखो हेलकावे खाऊन आलेला असल्यामुळे त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. म्हणून पाटा घासून स्वच्छ करावा, त्यावर डिझेल किंवा रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी पूर्ण पुसावे आणि खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत मुरलेले तेल वर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. खरे सांगायचे तर नवी, माहितीच्या जातीची पट्टी विकत घेणे एकूण हिशेबात स्वस्त पडते, कारण एका पात्यामागे जी मेहनत जाते तिच्यापुढे पट्टीची किंमत फारशी नसते.

पात्याचा आकार ठरवतानाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी केलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. कोयती शेतीचे अवजार आहे, पण ती पिशवीत घालून शहरात मिरवू नये.

आधी तुकडे मोडून पाहावेत

पात्याला हात लावण्यापूर्वी त्याच पाट्यातून बोटाएवढे तीन तुकडे कापावेत: लांबी ६०-७० मिलिमीटर, रुंदी १० मिलिमीटर आणि जाडी साधारण पात्याइतकी. हा अर्ध्या दिवसाचा प्रयोग पुढची सगळी अनिश्चितता दूर करतो, आणि मला कोणी पहिल्या कोयतीपूर्वी तो करायला लावला असता तर बरे झाले असते.

पहिला तुकडा तापवत असता त्याला चुंबक चिकटेनासे होताक्षणी तेलात बुडवावा. दुसरा चुंबक सोडल्यावर आणखी तापवून, स्पष्ट गाजरी रंगावर आल्यानंतर बुडवावा. तिसरा मुद्दाम पिवळसर होईपर्यंत तापवून, पाच-सात मिनिटे तसाच ठेवून मग बुडवावा. तिन्ही थंड झाल्यावर एकेक करून शेगड्यात, म्हणजे बाकपकडीत, अर्धा धरावा, वरून जाड कापड गुंडाळावे आणि चष्मा घालून हातोडीने एक फटका द्यावा. पाणी नीट चढलेला तुकडा न वाकता काडकन तुटतो.

आता तुटलेली कड उजेडात तिरपी धरून, शक्य असल्यास भिंगातून, पाहावी. तिसऱ्या तुकड्याची कड चमचमते, वेगवेगळे कण उघड्या डोळ्यांना मोजता येतील असे वाटते, साखर सांडल्यासारखी दिसते. दुसऱ्याची कड निस्तेज, राखाडी, मखमलीसारखी असते आणि कण असे दिसतच नाहीत. पहिला तुकडा बहुधा तुटण्याआधी थोडा वाकतो किंवा कानस त्याला खाते. त्याला पुरेशी उष्णता मिळालेली नसते. तूप रवाळ असावे, पोलाद रवाळ असू नये, एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे. हे तुकडे चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवावेत, कारण पुढे कुठल्याही पात्याचा टवका उडाला तर त्याची कड यांच्याशी ताडून पाहता येते.

रवा मोठा झाला की काय बिघडते, ते समजून घेतले पाहिजे. साधारण ७३० अंशांच्या वर पोलादातल्या लोखंडाची रचना बदलू लागते आणि त्या नव्या रचनेत, ऑस्टेनाइटमध्ये, कार्बन गरम दुधातल्या साखरेसारखा विरघळतो. पोलाद जितके अधिक आणि जितका वेळ तापेल, तितके ऑस्टेनाइटचे कण एकमेकांना गिळून मोठे होत जातात. अचानक थंड केल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो अडकून पडतो आणि ताणलेल्या, अतिशय कठीण अशा मार्टेन्साइटची रचना तयार होते. पण जुन्या कणांच्या सीमा त्यात तशाच राहतात. मोठ्या कणांत तड्याला लांब, सरळ वाट मिळते. बारीक कणांत त्याला पावलोपावली वळावे लागते आणि त्यातच त्याचा जोर संपतो. कानस या दोन्ही पोलादांवरून सारखीच घसरते, म्हणूनच माझ्या पहिल्या कोयतीने मला फसवले.

भट्टीत जाण्याआधीची तयारी

धार पूर्ण काढू नये. कडेची जाडी किमान १ ते दीड मिलिमीटर ठेवावी, नाहीतर ती आधी तापते, आधी जळते आणि तेलात लाटेसारखी वाकते. दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या असाव्यात, कारण एक बाजू जाड राहिली तर पाते थंड होताना एका अंगाला ओढले जाते. मुठीची भोके आधीच पाडावीत. पाते आणि मुठीत जाणारा दांडा यांच्या सांध्यावर काटकोनी खाच ठेवू नये, तिथे गोल कानशीने वळण द्यावे. कोयती मुठीजवळ मोडते ती बहुधा अशाच खाचेतून. ग्राइंडरचे आडवे ओरखडे १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढून टाकावेत. प्रत्येक आडवा ओरखडा तड्याला सुरुवात करून देणारी खूण असते.

भट्टी लाकडी कोळशाची आणि ब्लोअरची असो वा गॅसची, तिच्यात एकसारखी उष्णता मिळवण्याचा सोपा उपाय म्हणजे पात्याच्या लांबीचा काळ्या लोखंडाचा पाइप निखाऱ्यांत आडवा ठेवणे आणि पाते त्या पाइपच्या आत तापवणे. पाते हवेच्या झोताखाली येत नाही, टोक जळत नाही आणि रंग स्पष्ट दिसतो. पाइप जस्त चढवलेला, म्हणजे जीआयचा, अजिबात नसावा. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. भट्टी उघड्यावर किंवा दोन्हीकडून मोकळ्या पडवीत लावावी, कारण कोळशाच्या आणि गॅसच्या जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुती जाड कपडे, बंद बूट, चष्मा, बाजूला वाळूची बादली. नायलॉनचा शर्ट नको.

रवा बारीक करणे

या क्रियेला कारखान्यात नॉर्मलायझिंग म्हणतात आणि ती तीन वेळा करावयाची असते. घडवताना पाते अनेकदा पिवळेधमक झालेले असते, म्हणजे रवा वाढलेलाच असतो. शिवाय हातोड्याच्या ठोक्यांचे असमान ताण त्यात भरलेले असतात. पोलाद बदलाच्या तापमानावरून वर गेले की प्रत्येक वेळी नवे, लहान कण जन्माला येतात, आणि त्यांना मोठे होऊ देण्याआधीच खाली उतरवले की ते लहानच राहतात. याच गुणाचा आपण उपयोग करून घेतो.

पहिल्या फेरीत पाते ८८० ते ९०० अंशांवर न्यावे, सर्वत्र एक रंग आला की दोन मिनिटे ठेवावे आणि बाहेर काढून शांत हवेत सांडशीत धरावे किंवा तारेला टांगावे. जमिनीवर, ऐरणीवर किंवा थंड लोखंडावर ठेवू नये, कारण जिथे ते टेकेल तिथे लवकर थंड होईल आणि वाकेल. पंखा बंद असावा. लाली पूर्ण जाऊन, सावलीतही काळे दिसू लागल्यावर आणि चुंबक पुन्हा चिकटू लागल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे थांबून दुसरी फेरी घ्यावी: या वेळी ८५० अंश. तिसरी ८२० अंशांवर. उतरत्या पायऱ्यांनी जाण्याचे कारण असे की प्रत्येक फेरीत कणांना वाढायला आधीपेक्षा कमी उष्णता मिळते.

पाते वाकले असेल तर ते सरळ करण्याची योग्य वेळ हीच. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये, ते लाल असताना, लाकडी हातोडीने हलकेच सरळ करावे. पुढच्या फेरीत त्या ठोक्यांचा ताणही निघून जातो. या तीन फेऱ्यांना एकंदर पाऊण तास लागतो आणि दाखवण्यासारखे काहीच घडत नाही. तरीही माझ्या मते संपूर्ण कामात सर्वाधिक फळ देणारा पाऊण तास हाच आहे.

उष्णता ओळखणे

के-टाइप थर्मोकपल, म्हणजे भट्टीतले तापमान मोजणारी तार, आणि त्याचा छोटा मीटर फार महाग नसतो आणि ज्याला दोनपेक्षा अधिक पाती करायची आहेत त्याने तो घ्यावाच. तो नसेल तर तीन साधने हाताशी असतात.

पहिले साधन चुंबक. लोखंड सुमारे ७७० अंशांवर चुंबकाला ओढले जाणे सोडते. पण कमानपाट्याच्या पोलादाला हे तापमान पुरत नाही, आणि चुंबकाने सोडले की बुडवावे हा प्रचलित सल्ला इथे अपुरा पडतो. एसयूपी ९ ला ८३० ते ८५० आणि ईएन ४५ ला ८६० ते ८८० अंश लागतात, कारण सिलिकॉन बदलाचे तापमान वर ढकलते. दुसरे साधन मीठ: साधे मीठ ८०१ अंशांवर वितळते. नमुन्याच्या तुकड्यावर चिमूटभर मीठ टाकून ते पाणी होताना त्याच भट्टीत, त्याच उजेडात पोलादाचा रंग कसा दिसतो, ते डोळ्यांत साठवून ठेवावे. हा प्रयोग पात्यावर करू नये, मीठ गंज चढवते.

तिसरे साधन सर्वांत सुंदर आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. अंधारात, म्हणजे संध्याकाळी किंवा आडोशाला, पाते हळूहळू तापवत असता एका टप्प्यावर त्याच्या अंगावर ढगाच्या सावलीसारखे काळपट पट्टे सरकताना दिसतात. रचना बदलत असताना पोलाद उष्णता शोषून घेते, त्यामुळे बदल चालू असलेला भाग भोवतालापेक्षा मागे राहतो आणि काळा दिसतो. धारेकडून सुरू झालेली ही सावली पाठीकडे सरकत सरकत नाहीशी होते. ती पूर्ण गेली, पाते सर्वत्र सारखे उजळले, की पोलादाने आपला बदल पुरा केला असे समजावे, आणि तिथून पुढे रंग आणखी अर्ध्या छटेने चढू द्यावा. उन्हात ही सावली दिसत नाही आणि रंगही नेहमी कमी भासतो, म्हणून दुपारी उघड्यावर काम करणारे पोलाद हमखास जास्त तापवतात. माझा पहिला टवका अशाच एका मे महिन्यातल्या दुपारचा होता.

पाणी द्यायचे, पण तेलात

मराठीत या क्रियेला पाणी देणे किंवा पाणी पाजणे म्हणतात आणि भाषेने ते इतके जपले आहे की माणसालाही आपण पाणीदार म्हणतो. तरीही कमानपाट्याच्या पातळ पात्याला पाण्यात घालू नये. या पोलादातले मिश्रधातू त्याला सावकाश थंड झाल्यावरही कठीण होऊ देतात, म्हणून पाण्याच्या घाईची त्याला गरज नसते. ती घाई केली तर पृष्ठभाग आणि गाभा यांच्यातला ताण सोसवत नाही आणि पाण्यातून एक बारीक ‘टिंग’ ऐकू येते. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. चिरलेल्या पात्यावर इलाज नसतो.

कारखान्यांना पुरवले जाणारे क्वेंचिंग ऑइल मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास शेंगदाण्याचे किंवा सरकीचे रिफाइंड तेल या पोलादाला पुरेसे आहे. वापरलेले इंजिन ऑइल फुकट मिळते, पण त्यातली रसायने आणि धातूंचे अंश धुरातून फुफ्फुसात जातात. ते मी वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. एका पात्याला किमान ४ ते ५ लिटर तेल असावे. भांडे लोखंडाचे, उंच आणि पाते पूर्ण बुडेल इतके खोल असावे, प्लास्टिकची बादली कदापि नको; त्याला घट्ट बसणारे पत्र्याचे झाकण हवे आणि तेल वरून चार बोटे कमी भरलेले हवे. तळाशी पाण्याचा थेंबही नसावा, कारण तापून त्याची वाफ झाली की ती तेल बाहेर फेकते. तेल पेटल्यास झाकण ठेवावे. त्यावर पाणी ओतू नये.

तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करावे. थंड तेल अधिक लवकर थंड करील असे वाटते, पण प्रत्यक्षात ते दाट असते आणि पात्याभोवती जमणारा वाफेचा पडदा त्यात लवकर फुटत नाही. एक लोखंडी तुकडा लाल करून तेलात सोडला की काम होते.

पाते ठरलेल्या तापमानावर आल्यानंतर तीन ते पाच मिनिटे तिथेच स्थिर ठेवावे, म्हणजे कार्बन नीट विरघळतो. मग बाहेर काढून दोन सेकंदांच्या आत, टोक खाली करून सरळ उभे तेलात न्यावे. तेलात ते वर-खाली किंवा कापण्याच्या दिशेने पुढे-मागे हलवावे. पंख्याच्या पात्यासारखे आडवे हलवले तर एक बाजू आधी थंड होऊन ते वाकते. भांडे भट्टीपासून एका पावलावर ठेवावे आणि ही सगळी हालचाल आधी थंड पात्याने तीन-चार वेळा करून पाहावी.

साधारण दहा-बारा सेकंदांनी तेलाचा खळखळाट शमतो. याच वेळी पाते बाहेर काढले तर पाऊण एक मिनिटाची अशी संधी मिळते की जी पुढे कधीच मिळत नाही. मार्टेन्साइट सुमारे २५० ते ३०० अंशांच्या खाली तयार होऊ लागते. तोपर्यंत पाते मऊच असते. जाड चामडी हातमोजे घालून ते डोळ्यासमोर धरावे, वाक दिसल्यास दोन लाकडी फळ्यांमध्ये शेगड्यात दाबून ठेवावे आणि हाताला सोसवेल इतके निवू द्यावे. पूर्ण थंड झालेले पाते ठोकून सरळ करायला गेल्यास ते काचेसारखे तुटते.

मग कानशीचा कोपरा धारेवरून हलक्या हाताने फिरवावा. ती काचेवरून फिरल्यासारखी घसरली तर पाणी चढले. ती किंचित रुतली तर लगेच निराश होऊ नये. भट्टीत पृष्ठभागातला कार्बन जळून वरचा पातळ थर मऊ होतो, म्हणून दोन-चार वेळा घासून खालच्या पोलादाची पारख करावी. तरीही कानस खात असेल तर पाते कमी तापले होते किंवा हवेत रेंगाळले होते. पुन्हा एक नॉर्मलायझिंग करून पाणी परत द्यावे.

पाणी उतरवणे

या अवस्थेतले पाते फरशीवर पडले तरी तुटू शकते आणि आतल्या ताणाने रात्रभरात आपोआप चिरूही शकते, म्हणून उद्या बघू म्हणून ते फळीवर ठेवू नये. तासाभराच्या आत ते ओव्हनमध्ये गेले पाहिजे.

घरचा ओटीजी, म्हणजे केक भाजण्याचा छोटा विजेचा ओव्हन, यासाठी पुरतो, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवावा. वाळूने भरलेला ट्रे किंवा दोन जाड फरशा आत ठेवल्या की काटा वर-खाली होत नाही. ओव्हन अर्धा तास आधी तापवून स्थिर करावा. पाते साबणाने स्वच्छ धुऊन, पुसून मगच आत ठेवावे. एकदा मी तेलकट पाते तसेच आत सारले होते. पुढचे पंधरा दिवस घरातल्या प्रत्येक केकला जळक्या सरकीच्या तेलाचा वास येत होता आणि तेव्हापासून माझा ओटीजी वेगळा आहे.

भाजी-फळांच्या सुरीसाठी २०० ते २०५ अंश ठेवावेत. कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५८ च्या आसपास राहतो. नारळ, बांबू किंवा हाडांवर चालणाऱ्या कोयतीसाठी २३० ते २५० अंश योग्य. ईएन ४५ मधले सिलिकॉन पाणी उतरू देण्यास विरोध करते, म्हणून त्याला याहून वीस-तीस अंश अधिक चालतात. प्रत्येक वेळी दोन तास, मग खोलीच्या तापमानापर्यंत पूर्ण थंड करणे आणि पुन्हा दोन तास, असे दोनदा करावे. पहिल्या वेळी न बदललेले थोडे ऑस्टेनाइट थंड होताना नव्या, ठिसूळ मार्टेन्साइटमध्ये बदलू शकते; त्याचे पाणी दुसऱ्या वेळी उतरते. पाते किंचित वाकलेले राहिले असेल तर दुसऱ्या वेळी ते जाड पट्टीला सी-क्लॅम्पने उलट्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर जास्त वाकवून बांधावे आणि तसेच ओव्हनमध्ये ठेवावे. बहुधा ते सरळ होऊनच बाहेर येते.

रंगांवरून पाणी उतरवण्याची जुनी रीतही ठाऊक असावी. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर २०५ अंशांच्या सुमारास फिकट गवती पिवळा, २३० च्या आसपास गडद पिवळा, २५० ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा रंग चढतो. हे आकडे काही मिनिटांच्या तापवण्याचे आहेत. ओव्हनमध्ये दोन तास ठेवलेले पाते कमी तापमानालाही गडद दिसते, म्हणून ओव्हन वापरताना रंग पाहून तापमान बदलू नये.

अधिक उतरवले म्हणजे अधिक चिवट, असा सरळ हिशेब मात्र नाही. साध्या पोलादात साधारण २६० ते ३७० अंशांचा पट्टा असा आहे की तिथे कठीणपणा कमी होतोच आणि चिवटपणाही घटतो, कारण कणांच्या सीमांवर कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचे, पातळ, ठिसूळ पापुद्रे जमतात. ईएन ४५ मधले सिलिकॉन हा पट्टा वर सरकवते, एसयूपी ९ मध्ये तसे होत नाही. अनोळखी पोलाद असेल तर २५० ची मर्यादा ओलांडू नये. पात्याची पाठ गॅसच्या ज्योतीने निळी करण्याची लोकप्रिय रीत नेमकी याच पट्ट्यात पडते. धार ओल्या वाळूत खुपसून पाठ निळी करून घेतलेली पाती दिसायला देखणी असतात, पण रवा बारीक असलेल्या कमानपाट्याच्या पोलादाला मला तिची गरज वाटत नाही. मुठीत जाणारा दांडा मात्र ज्योतीने निळ्याच्या पुढे, पुन्हा राखाडी होईपर्यंत तापवून मऊ करावा आणि तेवढा वेळ पाते ओल्या फडक्यात गुंडाळावे.

धार आणि पारख

शेवटचे घासकाम उघड्या हाताने करावे, हातमोज्यांनी नव्हे. बोटांना चटका बसू लागला की पाते पाण्यात बुडवावे. ग्राइंडरखाली धार क्षणभर जरी निळी झाली तरी तिथले पाणी गेले, आणि तो भाग घासून टाकण्यावाचून उपाय नाही. सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा, कोयतीला २५ अंशांचा कोन ठेवावा. बारीक कोनाची कोयती कितीही चांगले पाणी दिले तरी मोडणारच.

मग पितळेचा ६ मिलिमीटरचा गज शेगड्यात आडवा धरून धार त्यावर हलक्या दाबाने सरकवावी. उजेडाकडे पाहिल्यास गजावर धार किंचित फुगताना दिसते. ती पुढे गेल्यावर परत सरळ झाली तर काम साधले. ती वाकलेलीच राहिली तर पाणी जास्त उतरले किंवा मुळात चढलेच नव्हते. ती कुरतडल्यासारखी तुटली तर पाते १५ अंश अधिक तापमानावर आणखी दोन तास ठेवून पुन्हा पाहावे. त्यानंतर वाळलेला बांबू, नारळाची करवंटी आणि शेवटी मटणाचे हाड, या क्रमाने घाव घालून प्रत्येक वेळी धारेवरून कापूस फिरवावा; टवका उडालेला असेल तिथे तंतू अडकतो.

दोनदा पाणी उतरवूनही टवके उडत राहिले आणि तुटलेली कड चमचमत असेल, तर ओव्हनचे तापमान वाढवत बसू नये, कारण मोठा झालेला रवा ओव्हनमध्ये लहान होत नाही. धार दीड मिलिमीटरपर्यंत बोथट करून, टवक्याचा भाग घासून काढून, तीन नॉर्मलायझिंगपासून सगळे काम नव्याने करावे. माझी पहिली कोयती मी अशीच परत घेतली. तिची रुंदी सहा मिलिमीटरने कमी झाली आहे, आणि परसातले नारळ अजून तिच्यानेच सोलले जातात.